उतारवयात शेतावर ये-जा करण्यासाठी बॅटरीची सायकल कशी निवडावी?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खतांच्या मात्रा, तणनियंत्रण हे माझे रोजचे विषय. तेव्हा आज हा माणूस पीकपाणी सोडून सायकलीवर कशाला बोलतो आहे, असे आपणास वाटणे साहजिक आहे. परंतु गेली दोन-तीन वर्षे शिवारफेरीला गेलो की एक अनुभव हमखास येतो. पिकाचे प्रश्न विचारून झाले, चहा झाला, की साठीच्या पुढचा एखादा शेतकरी हळूच बाजूला घेतो आणि विचारतो, "सर, ती बॅटरीची सायकल कशी काय असते? आमच्या वयाला झेपेल का?"

या प्रश्नामागे जे असते ते मला ठाऊक आहे. गुडघे दुखू लागलेले असतात. मोटारसायकल मुलाने हातातून काढून घेतलेली असते, आणि त्याचे म्हणणेही चूक नसते. शेत तीन-चार किलोमीटरवर. चालत जाऊन यायचे तर दिवस जातो. मग रोजची फेरी एक दिवसाआड होते, पुढे आठवड्यावर जाते आणि एके दिवशी बंद पडते. शेताचे यात मोठे नुकसान आहे. कपाशीतली डोमकळी किंवा मक्याच्या पोंग्यातली लष्करी अळी पहिल्या आठवड्यात ओळखणारी नजर घरात त्या एकाच माणसाला असते, आणि नेमका तोच ओट्यावर बसून राहतो. म्हणून हा विषय मला पीकसंरक्षणाच्या इतकाच जवळचा वाटतो.

दुसरे कारण घरचे आहे. माझे वडील सहासष्ट वर्षांचे असताना आम्ही भावांनी त्यांना अशी सायकल भेट दिली. त्यांना न विचारता, शहरातल्या दुकानातून, दिसायला सर्वांत देखणी होती ती. जाड टायर, आडवा दांडा, सरळ हँडल, मूठ पिळली की पळणारी. तीन आठवडे त्यांनी ती आनंदाने चालवली. एके दिवशी शेताच्या तोंडाशी ते खाली उतरले आणि सायकल वळवून घेण्यासाठी दोन्ही हातांनी हँडल धरून ओढू लागले. मोटार चालूच राहिली होती. आवाज नसल्याने ते ध्यानात आले नाही. ओढताना मूठ पिळली गेली, सायकल पुढे उसळली आणि तिच्याबरोबर तेही बांधाच्या दगडावर पडले. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना प्लास्टर आणि त्यानंतर कितीतरी दिवस मनात बसलेली भीती. त्या हंगामात हरभऱ्यावरची घाटेअळी आम्हाला फार उशिरा कळली.

सायकल वाईट नव्हती. निवड आमची चुकली होती. आम्ही ती धावते कशी हे पाहिले. तिच्यावर चढायचे कसे, उतरायचे कसे, थांबायचे कसे आणि बंद पडली तर ढकलायची कशी, हे पाहिलेच नाही.  उतारवयात माणूस चढता-उतरताना, वळवताना किंवा उभा असतानाही पडतो. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट एवढीच आहे, बाकीचे सारे तिच्यापोटी येते.

कायदा काय म्हणतो

आधी कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण यात फसवणूक होते. मोटारीची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या आणि तसे प्रमाणपत्र मिळालेल्या बॅटरीच्या सायकलीला किंवा हलक्या स्कूटरला केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार वाहन धरत नाहीत. तिला नोंदणी लागत नाही, चालवण्याचा परवाना लागत नाही. असे प्रमाणपत्र ठरलेल्या चाचणी संस्था देतात. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. दुकानदाराकडे या प्रमाणपत्राची प्रत मागावी. "दादा, वायर काढून देतो, चाळीसने पळेल" असे कोणी म्हणाले तर त्या दुकानातून बाहेर पडावे. तशी सायकल कायद्याने मोटार वाहन होते. तिला ना नोंदणी असते ना विमा, आणि अपघात झाला तर सारे चालवणाऱ्याच्या गळ्यात येते. शिवाय शेतरस्त्यावर साठीच्या माणसाला ताशी १५ किलोमीटर पुष्कळ झाले. हेल्मेटची सक्ती असो वा नसो, ते घालावे. टोपीवर बसत नसेल तर टोपी खिशात ठेवावी.

चढणे आणि उतरणे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आडवा दांडा असलेल्या सायकलीवर बसायचे तर पाय मागून कॅरिअरवरून फिरवून आणावा लागतो. ज्याचे गुडघे किंवा खुबे आखडले आहेत त्याचा पाय अर्ध्यावर अडकतो आणि तोल जातो. कॅरिअरवर वैरण किंवा किटली बांधलेली असेल तर विचारूच नका. म्हणून दांडा नसलेली, मधून खाली वाकलेली चौकट घ्यावी. तीत पाय ४० ते ५० सेंटिमीटर उचलला की पुरतो. आपल्याकडे तिला "लेडीज सायकल" म्हणतात आणि पुरुष मंडळी लाजतात. माझे वडीलही लाजले. मी त्यांना एवढेच विचारले की, धोतर नेसून दांड्यावरून पाय टाकताना जो खोळंबा होतो तो चारचौघांत बरा दिसतो का? धोतर किंवा नऊवारी नेसणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. साखळीवर पूर्ण झाकण असावे आणि मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला जाळी असावी.

सीटची उंची हा सर्वांत नाजूक भाग आहे. यात दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. थांबताना पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली हवी. उलट सीट फार खाली असली तर पायडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येऊन दुखणे वाढते. "सायकलीने गुडघे आणखी बिघडले" अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांतील पुष्कळांची सीट खाली असते. यावर उपाय असा. सायकल कोणाला तरी धरायला सांगावी, सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला की ती पायडल मारण्याची योग्य उंची. त्यापासून दोन-तीन सेंटिमीटर सीट खाली घ्यावी आणि पाहावे की थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात की नाही. टेकत नसतील तर ती सायकल आपल्या मापाची नाही. लहान चाकाची किंवा ठेंगणी पाहावी. दुकानदार "सवय होईल" म्हणेल. या वयात शरीराला सायकलीची सवय लावण्यापेक्षा शरीराच्या मापाची सायकल घ्यावी.

आरामशीर बसण्यासाठी हँडलही पाहावे लागते. सरळ दांडीचे हँडल असेल तर माणूस पुढे झुकतो आणि अंगाचा भार मनगटांवर व मानेवर येतो. आपल्या जुन्या दूधवाल्या सायकलीसारखे, मुठी मागे अंगाकडे वळलेले हँडल असावे. पाठ जवळजवळ सरळ राहिली पाहिजे. सरळ बसले की सारा भार सीटवर येतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची हवी. मऊ फोमच्या जाड सीटवर दुकानात पाच मिनिटे फार बरे वाटते, अर्ध्या तासाने माणूस तिच्यात रुततो आणि मुंग्या येतात. ज्यांना मान मागे वळवता येत नाही त्यांनी उजव्या बाजूस आरसा बसवून घ्यावा. खर्च किरकोळ, उपयोग रोजचा.

मोटार सुरू कशी होते, बंद कशी होते

या सायकलींत मोटार दोन तऱ्हांनी सुरू होते. एक, मूठ पिळून. दुसरी, पायडल मारले की मोटार आपोआप मदतीला येते. पुष्कळ सायकलींत दोन्ही सोयी असतात.

पायडलच्या मदतीतही दोन प्रकार आहेत आणि हा फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे की नाही एवढेच यंत्राला कळते. पायडल अर्धा-एक फेरा फिरले की मोटार एकदम जोर लावते, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ओढत राहते. वळणावर, गर्दीत किंवा थांबण्याच्या बेतात असताना तो क्षणही धोक्याचा असतो. महाग सायकलींत पायाचा जोर किती आहे हे मोजले जाते. आपण हळू दाबले तर मोटार हळू, जोराने दाबले तर जोराने. ही सायकल उतारवयात फार सोयीची. परवडत असेल तर हीच घ्यावी. परवडत नसेल तर साध्या प्रकारात दोन गोष्टी तपासाव्यात. ब्रेकचा दट्ट्या थोडा दाबताच मोटार बंद झाली पाहिजे, दोन्ही ब्रेकना ही सोय हवी. आणि मदतीच्या पायऱ्या असाव्यात, त्यांतली पहिली पायरी खरोखर सौम्य असावी.

मुठीबद्दल माझे मत कोणी मागितले तर मी म्हणेन, नसलेली बरी. गुडघा अगदीच काम देत नसेल तर मूठ लागते, हे खरे. मग खाली उतरण्याआधी चावी किंवा बटण बंद करायची सवय हातात भिनवावी लागते. आधी बंद, मग उतरणे. नुकतेच शिकणाऱ्याला पहिले पंधरा दिवस घरच्या माणसाने हे दर वेळी बोलून दाखवावे, थट्टा झाली तरी चालेल.

ब्रेक दाबायला हाताची किती ताकद लागते हेही पाहावे. बोटांचे सांधे दुखतात त्यांना ताठ ब्रेक ओढवत नाही. दट्ट्या मुठीच्या जवळ आणण्यासाठी बहुतेक ब्रेकना लहान स्क्रू असतो, तो दुकानातच फिरवून घ्यावा. दोन बोटांनी दाबून उतारावर सायकल थांबली पाहिजे.

आपला रस्ता आणि आपली सायकल

माहितीपत्रकातली सायकल डांबरी रस्त्यावर उभी असते. आपली पाणंदीतून जाणार आहे. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, सुटी खडी, मध्ये एखादा ओढा आणि दोन्ही बाजूंना बाभळी. म्हणून टायर रुंद असावेत, साधारण दोन इंचांचे किंवा थोडे अधिक. रुंद टायरमध्ये हवा जरा कमी ठेवता येते आणि दणके तिथेच जिरतात. स्वस्त सायकलीच्या पुढच्या चिमट्याला जे स्प्रिंग लावलेले असतात त्यांनी वजन वाढते, आराम फारसा मिळत नाही. त्या पैशांत चांगले टायर आणि चांगली सीट येते.

काळ्या जमिनीच्या भागातल्या बंधूंनी मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट बोटांनी मोजावी. दोन बोटे तरी जागा हवी, नाहीतर पहिल्याच पावसात चिखल गच्च बसून चाक जाम होते. तसा चिखल असताना सायकल बाहेर काढूच नये हे उत्तम.

मोटार बहुधा चाकाच्या तुंब्यात असते. ती मागच्या चाकात असलेली घ्यावी. पुढच्या चाकात असली तर निसरड्या जागी पुढचे चाक जागच्या जागी गरगरते आणि सायकल खाली बसते. मागच्या चाकात मोटार असण्याची अडचण एकच आहे, ती म्हणजे पंक्चर. मोटारीची वायर सोडवून चाक काढावे लागते आणि गावातला पंक्चरवाला हात लावायला कचरतो. घेण्याआधीच त्याला सायकल दाखवावी, वायरचा जोड कुठे आहे हे दुकानदाराकडून समजून घेऊन त्याला सांगावे. टायरच्या आत काटारोधक पट्टी घालून घ्यावी.

पाण्याविषयी एवढेच लक्षात ठेवावे की पावसाच्या सरी ही सायकल सोसते, बुडणे सोसत नाही. ओढ्याला तुंब्याच्या वर पाणी असेल तर उतरून परत फिरावे. पंपाच्या पाइपने जोराचा फवारा मारून धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ओझ्याचे विचारणारे पुष्कळ असतात. दुधाची लहान किटली, विळा, डबा इतपत ठीक आहे आणि तेही सीटखाली दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, म्हणजे भार खाली राहतो. वैरणीचा भारा कॅरिअरवर बांधला की सायकल वरून जड होते आणि थांबताना कलंडते. भारा आणायचाच असेल तर तो मुलाने आणावा.

तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांना तीन चाकांची बॅटरीची सायकल सुचवली जाते. सपाट रस्त्यावर ती चांगली. पण चाकोरीत एक चाक खाली आणि एक वर गेले की ती कलते, दोन चाकांच्या सायकलीसारखे अंग झुकवून सावरता येत नाही. चक्कर येते म्हणून तीन चाकी घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावे. मोतीबिंदू असेल तर आधी डोळे करून घ्यावेत. ज्यांच्या भागात शेतीपंपाला अजून रात्रीच्या पाळीची वीज मिळते त्यांनी रात्री एकट्याने निघू नये, सायकलीचा दिवा कितीही चांगला असला तरी.

बॅटरीचा हिशोब

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती माल आहे ते कळते. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. कच्च्या रस्त्यावर नुसती मूठ पिळून गेले तर किलोमीटरला साधारण १५ वॉट-तास धरावेत. म्हणजे २४ किलोमीटर. पायडल मारत गेले तर खर्च ९-१० वर येतो आणि तीच बॅटरी ३६ ते ४० किलोमीटर चालते. शेत चार किलोमीटरवर आणि दिवसाला दोन फेऱ्या असतील तर रोजचे १६ किलोमीटर झाले. ही बॅटरी पुरते. बॅटरी जुनी होते तशी तिची धारणा घटते, म्हणून रोजच्या गरजेच्या दीडपट हिशोब धरून घ्यावी. त्याहून मोठी घेतली तर उगाच वजन आणि पैसे वाढतात. माहितीपत्रकातला किलोमीटरचा आकडा हलका माणूस, सपाट रस्ता आणि नवी बॅटरी धरून दिलेला असतो. आपण त्याच्या अर्ध्यावर विश्वास ठेवावा.

बॅटरी लिथियमची असावी. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त मिळते, पण तेवढ्याच शक्तीला ती कितीतरी पट जड असते आणि लवकर बसते. बॅटरी काढून घरात नेता येईल अशी असावी, म्हणजे सायकल गोठ्यात राहिली तरी चालते. पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, तेव्हा बिलाची चिंता नको. काळजी वेगळी घ्यावी लागते. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत थंड होऊ द्यावी. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा दाराच्या वाटेत चार्ज करू नये. सगळे झोपलेले असताना करू नये. सायकलीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. शेतीपंपाच्या पेटीतून तार काढून तर मुळीच लावू नये. ती जोडणी पंपासाठी असते आणि तिथल्या विजेच्या चढउताराने चार्जर जळतो. आजारपणामुळे महिना-दोन महिने सायकल वापरायची नसेल तर बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

घेण्यापूर्वीची चाचणी

नवे वाण आपण आधी चार ओळींत लावून पाहतो आणि मग वावरभर पेरतो. तेच इथे करावे. ज्याला चालवायची आहे तो माणूस स्वतः गेला पाहिजे, आणि रोजच्या कपड्यांत, रोजच्या वहाणा घालून. दुकानासमोरच्या सिमेंटवर एक चक्कर मारणे ही चाचणी नव्हे. जवळच्या गावचा दुकानदार असेल तर सायकल आपल्या पाणंदीत आणायला सांगावी, नसेल तर ज्यांनी घेतली आहे त्यांची तासभर मागून घ्यावी.

मोटार बंद ठेवून दहा वेळा चढावे आणि उतरावे. दहाव्या वेळी दमछाक होते का, पाय अडकतो का ते पाहावे. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघावे. पाणंदीच्या रुंदीत उतरून सायकल वळवावी. मग मोटार बंद करून दोनशे पावले ढकलत न्यावी, त्यात एखादा चढ असावा. बॅटरी नेहमी लांबच्या वावरात संपते. बॅटरी आणि मोटारीसह ही सायकल २० ते २५ किलोपर्यंत भरते. शेवटी पुढचे चाक उचलून बांधावर ठेवून पाहावे. हे जमले नाही तर हलकी सायकल शोधावी, किंमत थोडी जास्त पडली तरी.

दुकान किती जवळ आहे आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हे त्या दुकानदाराला न विचारता त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे. बॅटरीची हमी किती वर्षांची आहे ते लेखी घ्यावे.

खरेदी शक्यतो दिवाळीनंतर करावी. रस्ते वाळलेले असतात, दिवस थंड असतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत सहा महिने हात बसायला मिळतात. वडिलांनी दुसरी सायकल अशीच मार्गशीर्षात घेतली. या वेळी दुकानात तेच पुढे होते आणि आम्ही भाऊ मागे उभे होतो. त्यांनी बारा वेळा चढउतार केली, दुकानदार कंटाळून आत जाऊन बसला. सायकलीला पायडलच्या मदतीबरोबर मुठीचीही सोय होती. तिची वायर त्यांनी पैसे देण्याआधी सोडवून घेतली.

आता आपले काही प्रश्न असतील तर विचारावेत. बाहेर झाडाखाली ती सायकल उभी आहे. ज्यांना चढून-उतरून पाहायचे असेल त्यांनी अवश्य पाहावे, बॅटरी मी काढून ठेवली आहे.